राजसबाई, आता बसा

प्रिय राजसबाई,

तुमचं खरं नाव मला तुम्ही गेल्याच्या बातमीत कळलं. इतकी वर्षं रोज साडेसातला आमच्या घाटंजीच्या घरात येणाऱ्या बाईचं नाव आम्हाला ठाऊक नसावं! पण ते नाव कागदावर लिहून पाहिलं, तर कुणा परक्या बाईला पत्र लिहितेय असं वाटायला लागलं. म्हणून मालिकेतल्याच नावाने हाक मारते. चालेल ना?

तुम्हाला जाऊन महिना होत आला. तेव्हा लिहिलं नाही आणि आज लिहायला बसले, त्याला कारण काल संध्याकाळी आमच्याकडे घडलं. ते तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला?

आधी तुमचे उपकार मानते. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, तोंड आहे. मलाही आहे. एका स्वयंपाकघरात अशी दोन तोंडं म्हणजे गल्लीला फुकटची करमणूक. पण आमच्यात कधी मोठं भांडण झालंच नाही, कारण आत्याबाईंच्या सगळ्या शिव्या साडेसातला तुमच्या नावावर जमा व्हायच्या. तुम्ही सुनेच्या खिरीत मीठ टाकलंत की त्या ओरडायच्या, "मुडदा निघाला तुहा, राजसे!" आणि मालिका संपली की माझ्याकडे वळून म्हणायच्या, "पाह्य मंदा, तुले कशी सासू भेटली ते. नशीब काढलं तू." मी मान डोलवायची. खिरीत मीठ न टाकणं एवढ्यावर सासू चांगली ठरते, हे माप तुम्हीच घालून दिलंत.

कापसाच्या दिवसांत टीव्हीच्या खोलीत पार छताला टेकेल एवढा कापूस भरलेला असायचा. आम्ही दोघी त्या ढिगावर चढून तुम्हाला पाहायचो. तुम्ही खाली, आम्ही वर. एवढ्या उंचावरून शिव्या देण्यात काय सुख असतं म्हणून सांगू!

तक्रारीही आहेत. इतक्या वर्षांत तुम्हाला मी एकदा तरी जेवताना पाहिलं का? ताट यायचं, तुम्ही ते उधळायच्या. भाजीचे डाग कोण पुसत होतं? आणि झोपताना तरी तो ठुशी-तोड्यांचा पसारा उतरवायचा होता, बाई. मान अवघडत नव्हती?

आणि ते मरणं! कधी नदीत पडलात, कधी बंगल्यासकट जळालात, दरवेळी दोन आठवड्यांत इस्त्रीच्या साडीत परत. मालिकेत उसंत मिळाली की मोबाइलवर मरायच्या. कुणीतरी फोटोला हार घालून पाठवायचं आणि संध्याकाळी तुम्ही हजर. आमच्याकडे म्हणतात, माणूस मेल्याची खोटी बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं. आत्याबाई त्यावर तोंड गोड केल्याशिवाय राहायच्या नाहीत. प्रत्येक अफवेला त्या वाटीत साखर घेऊन गल्लीत फिरायच्या. शिव्या देणारीही हीच आणि आयुष्य मागणारीही हीच. मी विचारलं तर म्हणाल्या, "ते मेली तं भांडू कोणासंग? तुह्यासंग?"

आता खरी गोष्ट. आत्याबाईंनी तुम्हाला पाहिलं असं मी म्हणतेय, पण गेली काही वर्षं त्या तुम्हाला ऐकतच होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. टीव्हीला नाक लावून बसायच्या तरी तुम्ही म्हणजे एक हिरवा ढग. डॉक्टर म्हणाले, "पिकलाय. आता टाळलं तर नजर परत येईलच असं सांगत नाही." आत्याबाईंचं एकच, "जेवढं पाह्यचं तेवढं पाहून झालं माह्यं." दोनदा उंबऱ्याला ठेचकाळून पडल्या तरी ऐकेनात. यांनी, म्हणजे त्यांच्या लेकाने, हात जोडले. मी टोमणे मारले. शेवटी कबूल झाल्या त्या तुमच्यासाठी! "राजसीचं तोंड एक खेप नीट पाह्यचं हाये मले. एवढी वंगाळ बाई दिसते तरी कशी?" यवतमाळच्या दवाखान्यात दिवस ठरला.

आणि त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. खऱ्या. हीच वेळ सापडली होती का हो?

मी तुरीच्या शेंगा सोलत होते. यांनी बातमी वाचून दाखवली. मी काही बोलायच्या आत आत्याबाई उठल्या, चाचपडत डबा काढला आणि साखर घेऊन बाहेर! मी मागे धावले. "आत्याबाई, ह्या वेळी खरं हाये!" त्यांनी हात झटकला. "दरवेळी खरंच असते." शेजारच्या लीलाबाईंना बातमी आधीच कळली होती, त्यांचे डोळे भरलेले. तरी आत्याबाईंनी चिमूट हातावर ठेवली आणि त्यांनी ती तोंडात टाकली. नंतर मला म्हणाल्या, "काय करू वं, म्हातारीले नाई कसं म्हनू? आयुष्यात पयल्यांदा साखर कडू लागली."

टीव्हीवर तुमची अंत्ययात्रा दाखवत होते. आत्याबाई कान देऊन ऐकत होत्या. "या खेपेले खर्च केला बाप्पा," त्या म्हणाल्या. "गर्दी पाह्य किती जमवली!"

सांगायला आमची जीभ रेटेना. ते काम तुमच्या वाहिनीनेच केलं. चार दिवसांनी साडेसातला राजसबाईंच्या साडीत दुसरीच बाई उभी. डोळे असलेल्यांना एकवेळ फसवता येतं. पण आत्याबाई तर कानांनीच पाहत होत्या. पहिलं वाक्य ऐकलं आणि शिवी ओठावरच राहिली.

"हे कोन हाये?"

मी टीव्हीचा आवाज कमी केला.

"मंदा, हे राजसी नाई. काहून बोलून नाई राह्यली तू? ते... गेली का?"

"हो, आत्याबाई."

त्यांनी चाचपडत जाऊन टीव्ही बंद केला. मालिका चालू असताना त्यांनी टीव्ही बंद केलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मग म्हणाल्या, "त्या डागदरले सांगून दे. मी नाई येत. आता कोनाले पाह्याले डोये कापू?"

यांनी समजावलं, "आई, आमाले पाह्यजो ना." त्यावर उत्तर आलं, "तुमाले का पाह्यचं? तुमी तं रोजचेच."

दिवस जवळ येत होता आणि म्हातारी भिंतीकडे तोंड करून बसलेली. लेकरावर ओरडता येतं, हिला काय करायचं? रागाच्या भरात एकदा मी म्हणाले, "तिचे जुने भाग दुपारी पुन्हा लागून राह्यले, पयल्यापासून."

"ते तं आयकले म्या."

"आयकले. पाह्यले कुठं?"

रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "थे दवाखान्याची गाडी किती वाजता हाये?"

ऑपरेशन छान झालं. परतीच्या एसटीत काळा चष्मा लावून अशा ऐटीत बसल्या होत्या की कंडक्टरने तिकिटाचे पैसे जपून मागितले. डॉक्टरांनी बजावलं होतं, डोळ्याला धक्का नको, डोक्यावरून पाणी तर मुळीच नको. थोडे दिवस टीव्हीसुद्धा नको.

काल टीव्हीची परवानगी मिळाली. नेमके काल वाहिनीने तुमचे शेवटचे भाग एकापाठोपाठ दाखवले. आत्याबाई पुढे सरसावून बसल्या. पहिला धक्का साडीचा. "हे तं तांबडी हाये वं!" मग नथीला नावं ठेवली, मग केसांना. मी मनात म्हटलं, चला, गाडी रुळावर आली. आता शिव्या सुरू होतील.

सुरू झाल्या नाहीत. त्या टीव्हीच्या आणखी जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "हिचा हात पाह्य, मंदा."

मी पाहिलं. सगळे सोफ्यावर, तुम्ही उभ्या. एका हाताने सुनेला धमकावताय आणि दुसऱ्या हाताने खुर्चीची पाठ घट्ट धरलेली. पुढच्या प्रसंगात टेबलाची कड. त्याच्या पुढे देवघराचा खांब. एकाही ठिकाणी तुम्ही हात मोकळा सोडला नव्हता. हे भाग मी तेव्हाही रोज पाहिले होते, राजसबाई, आणि मी तुमच्या बांगड्या पाहत बसले होते.

"बाई थकेल होती वं," आत्याबाई म्हणाल्या. "जीव नाई हिच्या पायात. आन् तरी भांडून राह्यली." मग टीव्हीकडे वाकून, मी कधी न ऐकलेल्या आवाजात, "बस ना वं माय. कोनी बस म्हनत नाई का तुले?"

तुम्ही बसला नाहीत. संवाद मोठा होता तुमचा.

भाग संपल्यावर आत्याबाई उठल्या. "पानी ठेव आंघोयीचं. माणूस गेलं आपलं. सुतकाची आंघोय राह्यली."

"डोक्यावरून पाणी नाई घ्यायचं, डागदरनं सांगितलं ना!"

त्या म्हणाल्या, "मंग तू घे. माह्या वाट्याचं तुह्या डोक्यावरून."

आणि काय सांगू, मी घेतली. भर थंडीत, दिवेलागणीला, मुंबईच्या एका बाईसाठी, जिचं नाव मला महिन्याभरापूर्वी माहीत नव्हतं. आत्याबाई न्हाणीच्या दाराशी उभ्या राहून विचारत होत्या, "केसं भिजले का पुरे?" बाहेर आले तर टॉवेल घेऊन तयार. केस जिथे कोरडे राहिले होते ते त्यांनी नव्या डोळ्यांनी हुडकून काढलं आणि पुन्हा तांब्या ओतायला लावला. असली सासू! पण मन कसं हलकं झालं होतं. दोघींचंही.

आता एक वचन देते. तुमच्या जागी आलेल्या बाईही काही तरुण नाहीत. मी वाहिनीला लिहिणार आहे, की साठी उलटलेल्या बाईला कट-कारस्थानं करताना खुर्ची द्या. सुनेला छळायला उभं राहावं लागत नाही. बसल्या जागेवरून हे काम किती उत्तम होतं, याबद्दल मी स्वानुभवाने लिहून देईन. खाली माझी सही असेल आणि तिच्याशेजारी आत्याबाईंचीही. त्या म्हणतात, आता ओळ बरोबर दिसते.

तुमच्या माघारीही सुखात असलेली,
मंदा
घाटंजी