नऊ वाक्यं कुठे गेली

सोमवार, ३ नोव्हेंबर

पहिला दिवस. वर्गात अकरा जण, त्यातले दहा माझ्या निम्म्या वयाचे. एकतीस वर्षं मुलांना गणित शिकवलं, आता मी बाकावर.

शिकवणारी वसीला जन्मापासून बहिरी. तिने फळ्यावर लिहिलं: ‘खुणांची भाषा दोन वर्षांत येते. दुभाषी व्हायला त्याहून जास्त.’ पुसलं, आणि दिवसभर खडूला हात लावला नाही.

मला दोन वर्षं नाहीत. आई एकोणनव्वदची आहे. दुभाष्याचा परवाना हवाच आहे — पेन्शनीवर नुसतं बसून राहणं मला जमणार नाही. पण घाई आईसाठी. ती बोलते ते मोन्सेफला ऐकू येत नाही, तो हातांनी बोलतो ते तिला कळत नाही. मधे मी. माझा भाऊ साठ वर्षांचा झाला आणि त्याच्याशी बोलायला माझ्याजवळ चाळीसेक घरगुती खुणा आहेत. जेव. ये. दुखतंय का.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आज सगळ्यांसमोर नापास. वर्गातली इन्साफ एका म्हाताऱ्याची तक्रार वाचत होती, मी ती हातांनी सांगायची. संपल्यावर वसीलाने माझ्याकडे रोखून पाहिलं. खुणा झरझर गेल्या. इन्साफचे आईवडील दोघे बहिरे, ही तिची दुधाची भाषा. तिने मोठ्याने सांगितलं, “मॅडम, ती म्हणते — म्हातारा दहा वाक्यं बोलला. तुम्ही एक दिलंत. नऊ कुठे गेली?”

मी म्हटलं, त्यात महत्त्वाचं काही नव्हतं.

“ती म्हणते, ते तुम्हाला कोणी विचारलं?”

बोटं आधीच आखडलेली. घरी येऊन कोमट ऑलिव्ह तेलात बुडवून बसले.

रविवार, ३० नोव्हेंबर

मामेभाऊ आले होते, सहकुटुंब. मुलुखिया, मटणाचा तो हिरवा रस्सा, दोनदा वाढून झाला. कशावर तरी सगळे पोट धरून हसले — आईसुद्धा. मोन्सेफने माझी बाही ओढली: काय झालं? मी नेहमीसारखी पाची बोटांची टोकं जुळवली आणि हात दोनदा वर-खाली केला. थांब, मग सांगते. इथे हॉर्न वाजवणाऱ्याला टॅक्सीवालाही तसाच हात दाखवतो, शिकायला लागत नाही.

जेवून तो मेदिनातल्या, जुन्या शहरातल्या, आपल्या दुकानात गेला, कुणाच्या चपला शिवून द्यायच्या होत्या. भांडी घासताना मला आठवलं, सांगायचं राहिलं. काय सांगायचं होतं तेही आठवेना.

मंगळवार, १६ डिसेंबर

नवी अट कळली. बहिऱ्यांनी तुम्हाला खुणेचं नाव दिल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. स्वतःचं स्वतः घ्यायचं नाही, मागायचंही नाही. माणूस सतत जे करतो त्यावरून पडतं. इन्साफचं नाव कानामागे केस सारणं. एका मुलाचं, चष्मा वर ढकलणं. दहा जणांना मिळालं. माझं नाव अजून एकेक अक्षर करून हातांनी लिहितात, नळ दुरुस्त करायला आलेल्या परक्या माणसाचं लिहावं तसं.

इन्साफला मधे घेऊन वसीलाला विचारलं, मला केव्हा? ती म्हणाली, “भाऊ आमच्यातला आहे ना? त्याचा मान पहिला. त्याच्या आधी मी नाव देणार नाही.”

मोन्सेफला विचारलं नाही. मागायचं नाही म्हणजे नाही.

शुक्रवार, ९ जानेवारी

आई आता दिवसाकाठी तासभरच शुद्धीत असते. डॉक्टर म्हणाला, बोलून घ्या. जणू मी त्यासाठी मुहूर्त शोधते आहे.

गुरुवार, २२ जानेवारी

आज आई बोलली. दुपारी, उशीला टेकून, मोन्सेफचा हात हातात घेऊन, थेट त्याच्या तोंडाकडे पाहत.

“तू आठ वर्षांचा होतास. बंदरावर हरवलास. मी साऱ्या गल्ल्या तुझ्या नावाने ओरडत फिरले. मासेवाले म्हणाले, अगं बाई, त्याला ऐकू येतं का? मी म्हटलं, मग मी दुसरं काय करू? माझ्या पायात काही नव्हतं. संध्याकाळपर्यंत आवाज गेला. तू सापडलास तेव्हा मला बोलताच येईना. मी तुझ्याकडे पाहिलं, तू माझ्याकडे. त्या दिवशी आपण दोघं सारखे होतो.”

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. वर्गात शिकवलंय, बोलणाऱ्याच्या एक वाक्य मागे राहायचं, हात थांबवायचे नाहीत. माझे थांबले. मोन्सेफ माझ्याकडे पाहत होता. मी बोटं जुळवून दाखवली. थांब. तिचं संपू दे, सगळं सांगते.

संपलं, आणि तिला झोप लागली. मला ‘बंदर’ची खूण आठवेना. तो बराच वेळ बसला. मग तिच्या कपाळाला ओठ लावून उठला. मी दारापर्यंत मागे गेले आणि परत आले.

वरचं सगळं विसरू नये म्हणून लिहून ठेवलं. तिची वाक्यं मोजली, दहा भरली.

शनिवार, २४ जानेवारी

पहाटे आई गेली. पुन्हा बोलली नाही.

सोमवार, २६ जानेवारी

तिसरा दिवस. बहिऱ्यांच्या मंडळातले चौदा जण सांत्वनाला आले, त्यांच्यात वसीलाही. मोन्सेफने एका म्हाताऱ्या चांभाराला, त्याच्या बालपणच्या मित्राला, माझ्याकडे बोट करून काहीतरी सांगितलं: पाची बोटांची टोकं जुळवलेली, हात दोनदा वर-खाली. म्हाताऱ्याने ओळखल्यासारखी मान हलवली, छातीवर हात ठेवला आणि मला तीच खूण केली. मी थांबले. तोही थांबला.

इन्साफ शेजारी होती. खाली बघत म्हणाली, “मॅडम, ते तुमचं नाव आहे. माझ्या आईलाही तुम्ही याच नावाने माहीत आहात. फार जुनं आहे.”

वसीलाने ते पाहिलं. भावाने दिलं, अट पुरी झाली. परीक्षेचा अर्ज उद्या घेऊन जा, म्हणाली.