दुसरी वेलांटी

प्रिय चिंगे,

साठी उलटलेल्या, दोन नातवंडांच्या आजीला चिंगी म्हणू नये, एवढं मला कळतं. पण तुझं कागदोपत्री नाव लिहायला घेतलं की टेबलावर तुझा अर्जच आल्यासारखं वाटतं, आणि आज तसं वाटून चालणार नाही. फोन का केला नाही, असं विचारशील. दोनदा नंबर लावला आणि तू उचलायच्या आत ठेवून दिला. सांगायचंय ते त्या पायऱ्यांबद्दल आहे, आणि तुझ्या नवऱ्याच्या मोडलेल्या पायाबद्दल. तोंडानं सांगायला गेलो तर मी निम्म्यात विषय बदलीन, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

आधी इकडची खबर. तुझ्या वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. आता तिला सगळं स्वच्छ दिसतं. म्हणजे कपाटावरची धूळ, पंख्यावरची जळमटं आणि माझ्या सदऱ्यावरचे डाग. माझे दिवस भरले म्हणायचे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं वयच झालंय. आमच्या दारासमोरचा रस्त्यावरचा दिवा दोन महिने बंद आहे. हल्ली नगरपालिकेत तक्रार मोबाइलवरून करतात, तशी मीही रीतसर केली. चौथ्या दिवशी निरोप आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' बाहेर जाऊन वर पाहिलं. खांब होता, दिवा होता, उजेड तेवढा नव्हता. वहिनी म्हणाली की लोकांना तुमच्याबद्दल काय वाटायचं ते आता कळलं असेल. ती थट्टेनं म्हणाली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

नमनालाच घडाभर तेल चाललंय, मला कळतंय. थोडं अजून सोस.

नगरपालिकेतल्या माझ्या टेबलावरची रीत तू कधी नीट पाहिली नाहीस, कारण मीच कुणाला तिथे फिरकू देत नसे. रोज पन्नास-साठ तक्रार अर्ज यायचे. तुंबलेली गटारं, भटकी कुत्री, शेजाऱ्यानं पुढे काढलेली भिंत. प्रत्येकावर मी समासात लाल शाईनं शेरा मारायचा. 'तातडीने पाहावे' लिहिलं की त्याच दिवशी माणूस जायचा. नुसतं 'पाहावे' लिहिलं की सरकारी काम अन् सहा महिने थांब. आणि 'दप्तरी दाखल' लिहिलं की तो कागद गठ्ठ्यात बांधला जायचा आणि त्याचं पुढे काहीच व्हायचं नाही. निनावी अर्जाला हाच तिसरा शेरा, असा नियम होता. सही न करणारे बहुतेक जण शेजाऱ्यावरचा राग काढणारे असत, त्यामुळे नियम मला पटलेलाही होता. दोन शब्दांत एखाद्याचं म्हणणं कायमचं झोपवता येतं, याचं मला तेव्हा काही वाटत नसे. उलट टेबल स्वच्छ राहायचं त्याचा अभिमान होता.

आणि घरच्यांसाठी माझा वेगळा नियम होता, तो तर तुझ्याच घरी जेवताना जाहीर केला होता. मोठ्या काकांच्या दारातला खड्डा मी एकदा शब्द टाकून बुजवून घेतला, तर पुढे सहा महिने कचेरीत जो तो विचारायचा, आज कुणाच्या काकांचं काम आहे? मला ते फार लागलं. म्हणून त्या दिवशी हात धुता धुता सांगून टाकलं की यापुढे नातं दाराबाहेर ठेवायचं, काम असेल त्यानं खिडकीतून अर्ज द्यायचा, सहीनिशी. सगळे हसले. आमच्या मेहुण्यांनी, ड्रायव्हरसाहेबांनी, तर उठून मला सलाम ठोकला. तू हसली नाहीस, कारण तू नुकतीच काहीतरी सांगायला लागली होतीस. वरच्या रस्त्यापासून तुमच्या दारापर्यंतच्या बेचाळीस पायऱ्या, त्यांच्या तोंडाशी असलेला नळाचा व्हॉल्व्ह, त्यातून झिरपणारं पाणी, आणि पायऱ्यांवर धरलेलं शेवाळ. पहिली बस यांची असते, हे पहाटे अंधारात चढतात, असं तू म्हणालीस. मी म्हणालो, अर्ज कर. वर, वशिला म्हणजे काय पापड आहे, हवा तेव्हा मोडायला, असा काहीतरी विनोदही केला. आठवला की अंगावर काटा येतो.

तू अर्ज केलास. खाली सही नव्हती, 'एक रहिवासी' एवढंच होतं. तो आला त्याला चाळीस दिवस झाले आणि ड्रायव्हरसाहेब एकोणिसाव्या पायरीवरून घसरले. खुबा मोडला.

दवाखान्यातल्या त्या लांब बाकावर आपण दोघं बसलो होतो. तुझ्या हातात त्यांचा एकच बूट होता, दुसरा पायऱ्यांवरच राहिला होता. तेव्हा तू मला अर्जाचं सांगितलंस. सही मुद्दामच केली नाही, म्हणालीस. कारकुनाच्या बहिणीचं काम आधी झालं असं कुणी म्हणू नये, माझ्या नावाला बट्टा लागू नये, म्हणून. मग बुटाची नाडी बोटाला गुंडाळत विचारलंस, "सही केली असती तर तू माणूस पाठवला असतास ना, दादा?"

"हो," मी म्हणालो. "सही असती तर त्याच दिवशी पाठवला असता."

रोज साठ अर्ज डोळ्यांखालून जातात, अक्षर कुठे बघतो, असंही मी पुढे म्हणालो. तू मान हलवलीस. मग मी तसाच कचेरीत गेलो आणि तोंडी सांगून प्लंबर पाठवला. वीस मिनिटांत काम झालं. रबराची एक चकती बदलायची होती.

पुढची अकरा वर्षं तुला मी काय सांगू. बावीस वर्षं बस चालवलेला माणूस, क्लच दाबता येईना म्हणून डेपोत प्रवाशांच्या विसरलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसला. छत्र्या, डबे, चष्मे. मी भेटायला गेलो की म्हणायचे, या, आता आम्हीही तुमच्यासारखे खिडकीवाले. आणि काठी टेकत चहा सांगायला स्वतः उठायचे. त्यांनी मला एकदाही दोष दिला नाही. त्यांनी दोष द्यावा असं त्यांना काही माहीतच नव्हतं. तीन नंबरची बस वळण चुकीच्या गिअरमध्ये घेते, हे ते खिडकीत बसून नुसत्या आवाजावरून ओळखायचे, तेव्हा मी दुसरीकडे बघायचो. गेल्या वर्षी ते हृदयविकारानं गेले. त्याचा पायऱ्यांशी संबंध नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य मी हवं तेव्हा काढून वापरतो.

आणि तू सही करत सुटलीस. वाढदिवसाच्या कार्डावर सही, दूधवाल्याला ठेवलेल्या चिठ्ठीवर सही, नातीच्या वहीत दोन-दोनदा सही. आम्ही थट्टा करायचो. मीसुद्धा करायचो, चिंगे.

आता खरं सांगतो. नगरपालिका नव्या इमारतीत जाते आहे. जुने कागद नष्ट करायचे आहेत, आणि माझे शेरे नव्या लोकांना लागत नाहीत, म्हणून मागच्या महिन्यात टाचणीबाईंनी मला बोलावलं. तुला आठवत असतील, माझ्या हाताखाली टंकलेखनाला होत्या, सुटा कागद दिसला की टोचायच्या. आता माझ्याच खुर्चीवर आहेत. तीन दिवस मी जुन्या दप्तराच्या खोलीत बसून गठ्ठे सोडवत होतो. ठेवायचे डावीकडे, फाडायचे उजवीकडे. तिसऱ्या दिवशी दुपारी तुझा अर्ज हातात आला. वहीचं रेघांचं पान. समासात माझा लाल शेरा, 'निनावी. दप्तरी दाखल.' खाली माझी सही, झोकदार.

आपण लहान असताना तुझे निबंध कोण तपासायचं? तू 'पाणि' लिहायचीस. कितीही सांगा, पहिलीच वेलांटी. शब्दाच्या शेवटी इकार दीर्घ असतो, हे मी तुला पट्टी आपटून शिकवलं, तू रडून शिकलीस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'पाणि' लिहिलंस. लग्नानंतर तुझी पत्रं यायची, त्यातही पाणि. मी ती दुरुस्त करून परत पाठवायचो आणि तू चिडायचीस.

तुझ्या अर्जाची दुसरी ओळ अशी आहे, 'पायऱ्यांवर सारखे पाणि साचते.' त्यातल्या 'पाणि'ची पहिली वेलांटी लाल शाईनं खोडलेली आहे आणि पुढे दुसरी काढलेली आहे.

तीस वर्षांत हजारो अर्ज माझ्या हाताखालून गेले. लोकांनी पाणी कसंही लिहिलं, मी एकाचीही वेलांटी सुधारली नाही. ते माझं काम नव्हतं. फक्त तुझी सुधारली. हात आपोआप गेला. म्हणजे मी पहिल्या दोन ओळींतच ओळखलं होतं की हा अर्ज तुझा आहे. मला हसूसुद्धा आलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवतेय आमची चिंगी, असं मनात म्हणालो होतो. रविवारी तुझ्याकडे यायचं, तुला पकडायचं आणि सही करून आण म्हणून सांगायचं, असं ठरवलं. तोवर नियम तो नियम, म्हणून शेरा मारला. सगळ्या जगासारखाच बहिणीलाही मारला, याचं मला त्या क्षणी समाधान वाटलं, हे सगळ्यात वाईट. त्या रविवारी वरून साहेब तपासणीला आले, पुढच्या रविवारी पाहुणे होते, आणि मग मी विसरलो.

विसरलो हे खरं आहे. पण बाकावर तू विचारलंस तेव्हा आठवलं होतं. तेव्हा 'ओळखलं होतं' एवढं बोललो असतो तरी पुरलं असतं, आणि मी उलटंच बोललो.

त्या कागदाकडे बघत मी बसलो होतो तेव्हा टाचणीबाईंनी विचारलं, डावीकडे की उजवीकडे? मी घडी घालून खिशात ठेवला. कचेरीतला कागद मी आयुष्यात पहिल्यांदा घरी आणला. त्यांनी टाचण्यांची डबी तेवढी माझ्याकडे सरकवली.

तरीही मी लिहिणार नव्हतो, चिंगे. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण मला अकरा वर्षं खवखवतच होतं आणि मी जेवत होतो, झोपत होतो. त्यातच आयुष्य निघून गेलं असतं. पण मागच्या रविवारी तुझ्या नातीनं मला फोनवर सहज सांगितलं की आजी मला काहीही सही केल्याशिवाय देऊ देत नाही, कारण एकदा तिनं सही केली नाही म्हणून आजोबांचा पाय मोडला. तिसरीतल्या पोरीला हे पाठ आहे. तू तिला हे शिकवलंस, आणि तुला ते मी शिकवलं, एका 'हो'नं. म्हणून हे पत्र. पाय मोडला तो सही नव्हती म्हणून नाही. सही नसताना मी तुला ओळखलं होतं. तेवढं नातीला सांग, मला काय म्हणायचं ते नंतर ठरव. तुझा अर्ज सोबत टोचला आहे. उत्तर लिहावंसं वाटलं तर लिही, नाही वाटलं तर मी समजेन. लिहिलंस, तर पाणी तुला हवं तसं लिही. मी हात लावणार नाही.

तुझाच,
दादा
(सही केली आहे)