निळ्या पुस्तकातली आई

सांगली
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. भाग्यश्रीस,
आक्काताईचे अनेक आशीर्वाद आणि जय जिनेंद्र. वि. वि.

पाय कसा आहे? उंब्रजच्या स्टँडवर एसटीतून उडी मारायला तू काय अजून कॉलेजात शिकतेस? शिकवतेस म्हणे! प्लास्टर निघेपर्यंत हलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, तेवढं या वेळी तरी ऐक.

पत्र बघून तू दचकशील. फोन आहे की घरात, पण फोनवर माझ्या तोंडून ‘बरं आहे’ यापुढे शब्द निघत नाही, आणि कान द्यायला चार माणसं कायम बसलेली असतात. बातमी ही, की आपला सम्मेद दीक्षा घेणार. नोकरी सोडून आलाय. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला मुनी होणार. चातुर्मासात महाराजांच्या सेवेला जात होता तेव्हा आम्हाला वाटलं, पोराला चांगलं वळण लागतंय. हे तर छाती फुगवून फिरतात. सगळी गल्ली येऊन माझ्या पाया पडते. असं लेकरू पोटाला यायला लय पुण्याई लागती म्हणतात. मी मान डोलावते आणि आत जाऊन रडते.

दीक्षेच्या मांडवात महाराज सगळ्यांसमोर आईची अनुमती मागतात. आईनं स्वतःच्या तोंडानं हो म्हटल्याशिवाय ते दीक्षा देत नाहीत. सम्मेदला मी म्हटलं, मला नाही जमायचं. तर तो म्हणाला, की आण्णा आजोबांच्या निळ्या पुस्तकातली आई आठव, तिचा मुलगाही मुनी झाला, आणि ती हो म्हणालीच ना. शिकायला तुझ्याकडे होता तेव्हा त्यानं ती कादंबरी वाचली होती.

आपले आण्णा ते पुस्तक पोथीसारखं जपायचे. तू तर इतकी वर्षं ते वर्गात शिकवतेस. त्यात एक अक्षर खोटं नाही असं तूच सांगत आलीस. मग मला एवढंच कळव, त्या बाईला ते जमलं कसं? मलाही जमायला हवं ग. नाही जमलं तर मी जाऊ कुठं?

आहे ती माया असू दे.
तुझी आक्काताई

सातारा
१८ जानेवारी २०२५

ती. सौ. आक्काताईस,
भाग्यश्रीचा सा. न. वि. वि.

पायाची काळजी सोड, तो जागच्या जागी आहे. माझं मन मात्र तुझं पत्र आल्यापासून जागेवर नाही. सम्मेद दोन वर्षं या घरात राहिला. माझ्याशी भांडून चहा प्यायचा आणि कप तसाच टेबलावर ठेवायचा. ते पोर मुनी होणार हे माझ्या डोक्यात शिरत नाही.

निळं पुस्तक काढून बसले. आक्का, त्या लेखकाची कीर्तीच अशी, की त्याच्या कादंबरीत देव धावून येत नाही आणि एका रात्रीत कुणाचं मन पालटत नाही. हळद शिजवताना आईच्या डोळ्यांत जाणारा धूर, टाचांच्या भेगांत बसलेली माती, दीक्षेच्या मांडवात पुढं बसण्यावरून दोन जावांची जुंपलेली, हे सगळं जसंच्या तसं. तिच्या मनात काय चाललंय ते मात्र तो सांगत नाही. महाराज विचारतात, ती पदर सावरते, हो म्हणते, घरी येऊन भाकरी थापायला बसते. संपलं पुस्तक. वर्गात मी सांगते, याला म्हणतात वास्तववाद. दुःखाचं नावही घ्यायचं नाही आणि वाचणाऱ्याचा गळा दाटून यायला हवा.

मागच्या वर्षी ऋचा नावाच्या मुलीनं विचारलं, की मग दुसऱ्या दिवशी त्या आईनं काय केलं? घंटा झाली म्हणून मी वाचले. आज तुझं पत्र पुढ्यात ठेवून विचार करते तेव्हा वाटतं, तो लेखक मांडवात पुरुषांच्या बाजूला उभा होता. तिथून दिसलं ते त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं. दुसऱ्या दिवशी तो तिच्या स्वयंपाकघरात गेलाच नाही. खरं लिहिणारासुद्धा कुठंतरी उभा राहूनच बघतो ग.

तेव्हा तिला जमलं कसं, हे पुस्तकात नाही. कदाचित तिला जमलंही नसेल. तू तिच्या मागं जाऊ नकोस.

दाजींना नमस्कार. तुझा हात माझ्या डोक्यावर राहू दे.
तुझी भाग्यश्री

सांगली
२७ जानेवारी २०२५

चि. सौ. भाग्यश्रीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र वाचून मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आण्णांची प्रत ट्रंकेतून काढली तर ह्यांना वाटलं, बाई स्वाध्यायाला लागली. खूश झाले.

भाग्यश्री, तुम्ही शिकली-सवरलेली माणसं काय वाचता ग? त्या बाईला पाच मुलगे आहेत! दुसऱ्याच प्रकरणात पाचही एका ओळीत जेवायला बसलेत आणि तिची भाकरी पुरी पडत नाही. एक गेला तरी चार ताटं मांडायची होती तिला. म्हणून ती घरी येऊन भाकरी थापायला बसली. मी कुणासाठी थापू? मला एकच आहे.

हे मी सम्मेदपुढं मांडलं. मोहाला एक काय आणि पाच काय, आई, असं तो हळू आवाजात बोलला. पूर्वी भाजीत मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घ्यायचा. आता काहीही म्हटलं तरी त्या गोड आवाजात उत्तर. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

रोज एकेक वस्तू देऊन टाकतोय. घड्याळ गेलं, बूट गेले. मोटरसायकल चुलतभावाला, दिग्विजयला देणार म्हणाला, तर मी किल्ली डाळीच्या डब्यात लपवली. दिग्विजयनं दुसरी किल्ली करून आणली आणि माझ्याच पाया पडून गाडी घेऊन गेला. आता रोज कुणी ना कुणी त्याला जेवायला बोलावतं, ओवाळतं. या गडबडीत आईच्या हातचं जेवायला त्याला वेळ नाही. दिवस संपत आले ग. नाही म्हणावं तर धर्माला आडवी आलेली आई म्हणतील. हो म्हणावं तर जीभ उचलत नाही. तू इथं असतीस तर तुझ्या मांडीवर डोकं ठेवलं असतं.

मोडक्या पायानं का होईना, दोन ओळी लगेच लिही.
तुझी आक्काताई

सातारा
१ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. आक्काताईस,
सा. न. वि. वि.

पाच मुलगे! इतकी वर्षं शिकवून मला ते दिसले नाहीत. कान पकडते.

हे पत्र कुरिअरनं पाठवते, कारण हे वेळेत पोचायलाच हवं. आक्का, तू नाही म्हण. त्या आईला लेखकानं एक शब्द दिला, तो तिनं उच्चारला. तुला कुणी लिहिलेलं नाही. महाराज विचारतात याचा अर्थच हा, की नाही म्हणायची मुभा आहे. दाजी रागावतील, रागावू देत. लोक बोलतील, नवा विषय मिळेपर्यंत बोलतील. पोरगं तर घरात राहील! सम्मेद माझ्यावर चिडला तरी चालेल. चिडलेला भाचा मला हवा आहे.

घाबरू नकोस. मी मनानं तुझ्याशेजारी बसलेली असेन.
तुझी भाग्यश्री

सांगली
६ मार्च २०२५

चि. सौ. भाग्यश्रीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

महिनाभर तुझे फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत, राग मानू नकोस. तुझ्यावर राग नाही. आज लिहायला बसले कारण आता एकटीला पेलत नाही.

मी नाही म्हटलं. माइक पुढं धरला होता, त्यामुळं ते बस्तीच्या गाभाऱ्यापर्यंत ऐकू गेलं. मांडवात कुजबूज उठली. महाराज मात्र शांत होते. आईचं मन दुखवून दीक्षा होत नसते, असं म्हणून त्यांनी सम्मेदला घरी जायला सांगितलं. ह्यांनी तेव्हापासून माझ्याशी बोलणं टाकलं. सम्मेदनं रिक्षातून उतरल्यावर माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मला वाटलं, जिंकले मी.

त्यानं महाराजांपुढं नियम घेऊन ठेवलेत, हे मला घरी आल्यावर कळलं. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही मौनानं. चटईवर झोपायचं. आणि मुनींसारखाच अंतराय पाळायचा. जेवताना कुणाचं रडणं कानावर पडलं, की हात धुऊन उठायचं. मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा घोटही नाही.

पहिल्या दिवशी त्याला ताटावर बघून मला आनंदानं रडू फुटलं. दुसरा घास हातात होता. तो ठेवून तो उठला. दुसऱ्या दिवशी मी पदर तोंडात कोंबून वाढलं, तरी हुंदका सुटलाच. मनाशी किती ठरवते, एखाद दिवस निभतोही, पण त्याचं खांद्याचं हाड दिसलं की संपलं. दार लावून आतल्या खोलीत बसले, तर रडणं तिथूनही त्याच्या कानावर गेलं. तो रागवत नाही, तोंड वाकडं करत नाही. हात जोडतो आणि खोलीत जातो. माझ्याच रडण्यानं माझं लेकरू उपाशी राहतंय ग. दीक्षा घेतली असती तर कुणाच्याही दारात त्याला आहार मिळाला असता. तुझा तो वास्तववाद काय असतो ते आता माझ्या चुलीपुढं येऊन बघ.

काल पहिल्यांदा हे बोलले. रागानं नाही, डोळ्यांत पाणी आणून. तू समोर नसलीस तर पोरगं पोटभर जेवंल, एवढंच म्हणाले. मी रात्रभर विचार केला. खरं आहे ते. धाकट्या जावेनं वाढायचं कबूल केलंय. तिचं मन घट्ट आहे.

तेव्हा मी परवा साताऱ्याला येते. मुलगा घरात राहावा म्हणून मी चारचौघांत नाही म्हटलं, आणि आता त्यानं जेवावं म्हणून मीच घर सोडते आहे. किती दिवसांसाठी ते विचारू नकोस, मला ठाऊक नाही. मला तुझी मागची खोली दे. तिथं मोठ्यानं रडलं तरी कुणी उपाशी राहणार नाही.

माया कमी पडू देऊ नकोस.
तुझी आक्काताई