दुसऱ्यांदा पेरलेले धने

युसूफ वडगाव,
दि. १२ डिसेंबर २०२४

चि. सौ. वर्षाराणीस मामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. म्हशीचा पाय सुधारला. तुझ्या आत्याबाईंचे गुडघे थंडीनं कुरकुरतात, आणि गुडघ्यांपेक्षा त्या जास्त, हे सून म्हणून तुला सांगायला नको. चकलांब्याला आई-वडिलांना माझा नमस्कार सांग. आमचा लेक सत्यम दर रविवारी तुला भेटायला माहेरी येतोच, त्याच्याकडे निरोप देता आला असता. फोनही आहे. पण फोन लावला की तू पहिल्यांदा विचारतेस, "मामा, जेवलात का?" मग मला पुढचं बोलताच येत नाही. तीन वेळा असं झालं. म्हणून पत्र.

तर, मी कोथिंबीर पेरली. हसू नकोस. विहिरीजवळच्या तुझ्याच वाफ्यात.

पहिल्यांदा डब्यातले धने घेतले आणि तसेच अख्खे, कोरडे टाकून दिले. वर चांगली चार बोटं माती. रोज उठलो की आधी वाफ्यावर. सहाव्या दिवसापासून बोटानं उकरून बघायला लागलो. धना जसाच्या तसा. झाकायचा, दुपारी परत उकरायचा. जीव थाऱ्यावर नव्हता. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मामा, त्याला झोपू तर द्या." पंधरा दिवस गेले, काही उगवलं नाही. तेव्हा तुझ्या आत्याबाई म्हणाल्या, "बघा, तिचा इटाळ अजून मातीत हाय."

त्या दिवशी मी भरल्या ताटावरून उठलो.

मग तू कसं करायचीस ते आठवत बसलो. गोणपाटावर धने पसरून चपलेनं हलकेच रगडायचे. एकाचे दोन व्हावेत, पण चुरा होता कामा नये. रात्रभर भिजवायचे, सकाळी निथळून ओळीत टाकायचे, वर बोटभरच माती. तीस तारखेला पुन्हा पेरले. पाणी तांब्यानं घालतो. फवारणीच्या पंपाला हात लावत नाही.

आज बारावा दिवस. सकाळी माती तडकली होती आणि आत हिरवं दिसत होतं. वाटलं, सुटलो. तेवढ्यात शेजारची शिवकन्या ताक न्यायला आली. आत्याबाईंनी तिला हाताला धरून वाफ्यावर आणलं. म्हणाल्या, "बघ गं, ती गेली अन् कोथमीर उगवली."

वर्षाराणी, नाही उगवली तरी दोष तुझा, उगवली तरी तुझाच. महिनाभर मी त्या धन्यांच्या तोंडाकडे बघत होतो, की माझ्याऐवजी तेच काहीतरी बोलतील.

आता लिहितोच. दिवाळीच्या आधी मी बांधावर तणनाशक मारलं होतं. दुसऱ्या दिवशी पंप न धुता त्यातच माव्याच्या किडीचं औषध घातलं आणि तुझ्या वाफ्यावर फवारलं. दिवाळीच्या बाजाराला जुड्या न्यायच्या म्हणून तू दिवस मोजत होतीस. वसुबारसेला सगळी कोथिंबीर पिवळी पडून झोपली. आत्याबाई चार बायकांसमोर म्हणाल्या, "चार दिवसांत वाफ्यात पाय घातला असंल हिनं." तू म्हणालीस, "आत्याबाई, मी बांधावर बी गेले न्हाई." आणि माझ्याकडे बघितलंस. पंप माझ्या हातात होता. मी त्याचा वास घेतला होता. मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी म्हणालो, "बायकांच्या भानगडी, मला काय कळतंय." भाऊबीजेला माहेरी जाताना तू पिशवी भरलीस ती अजून परत आली नाही.

आज शिवकन्येसमोरच सांगितलं, "कोथमीर म्या जाळली. पंप धुतला न्हवता." शिवकन्या तांब्या तिथंच विसरून पळाली, म्हणजे आता गावात दवंडीची गरज नाही. आत्याबाई उठल्या, पंप हौदावर नेला आणि तीन वेळा धुतला. आता चुलीपाशी पाठ करून बसल्यात. राग माझा आहे की स्वतःचा, हे विचारायची माझी हिंमत नाही.

तू ये, असं म्हणायला मला तोंड नाही. आलीसच तर मुहूर्त बघू नकोस, दिवस मोजू नकोस. अडचणीची असलीस तरी ये आणि घरात शिरायच्या आधी सगळ्यांदेखत वाफ्यात पाय ठेव. मी शेजारी उभा राहीन.

आणि पत्र वाचून फोन केलास तर मी जेवलो का, ते विचारू नकोस. आधी मला बोल. जे त्या दिवशी बोलली नाहीस ते सगळं.

तुझा अपराधी,
मामा आश्रुबा