ओठांपर्यंत तार

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघं खुशाल आहोत. इथे थंडी मी म्हणतेय, म्हणून मिशी वाढवली आहे, चांगली झुपकेदार. बायको म्हणते हवालदार दिसतोस. ऑफिसात मात्र भाव वाढलाय.

काम तेच. कुठल्या देशात किती घरांत तारेचं इंटरनेट पोचलं, याची तुलना करत बसायचं. इथे बिनतारेचं घर शोधावं लागतं, आपल्याकडे तारेचं. यंदाच्या अहवालात मी लिहिलं की तिकडच्या लोकांचं मोबाइलवर भागतं. साहेबांना ते वाक्य फार आवडलं.

आता मनातलं विचारतो. आई माझ्यावर रागावली आहे का? व्हिडिओ कॉल लावला की जरा वेळ बघते आणि काहीतरी काम काढून उठते. गेल्या खेपेला तर पाठ फिरवूनच बसली. माझं इतक्या लांब येणं तिला रुचलं नव्हतं, ठाऊक आहे मला. पण म्हणून लेकाचं तोंडही बघू नये? मला हे फार लागलंय, ताई. तिला विचारून कळव.

लोभ ठेव; कान उपटायचा हक्क तुझाच आहे.
तुझा,
खारू

२५ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अरे येड्या, राग कसला घेऊन बसलास! कापडाच्या गिरणीत मागांच्या खडखडाटात बायका नुसत्या ओठांनी गप्पा मारायच्या, विसरलास? आईचे कान त्या मागांनी नेले, ओठ वाचणं तेवढं हाताशी राहिलं. लहानपणी तिच्या पाठीमागे आपण कुजबुजायचो, आणि ती आरशात बघून नेमका तुलाच धपाटा घालायची.

मोबाइलवर चित्र अडकतं, तुझं तोंड उघडं राहतं ते उघडंच. मग एकदम वाक्य संपलेलं असतं. मधलं काय ते तिने कुठून वाचायचं? मी खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाली की पोराला सांगू नकोस, त्याला वाटेल आईला आता काही कळेनासं झालं. म्हणून उठते ती. तुझ्यावरच्या रागाने नाही रे, लाजेने.

आणि ‘भागतं’ हे कुणाला विचारून लिहिलंस? मी चष्म्याच्या दुकानात बसते. आम्ही निदान डोळ्यासमोर भिंग धरून विचारतो तरी, दिसतंय का म्हणून.

तारवाल्यांकडे जाऊन आले. एका घरासाठी गल्लीत तार आणणार नाही म्हणाले. मग मी कंबर कसली. बेकरीवाल्या काकांना पटवलं, वरच्या शिक्षिकाबाईंना नातवंडं दिसतील म्हणून सांगितलं. शेजारचा लोहार मात्र म्हणतो, आधी नळाला पाणी येऊ दे. त्याचंही काही चुकत नाही.

जेवणाची आबाळ करू नकोस, आणि आमच्यावर लोभ असू दे.
तुझी,
ताई

२० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसच्या जिन्यात वाचलं आणि तिथेच बसून रडलो. आई तिकडे लाजत होती आणि मी इकडे रुसलो होतो.

अहवालातलं ‘भागतं’ खोडलं. साहेबांनी कारण विचारलं, तेव्हा आईचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, राहू दे खोडलेलं.

लोहारदादांना माझा नमस्कार सांग, जमलं तर पायही धर. तार येऊ दे एकदाची.

लोभ आहे म्हणूनच घाई करतोय.
तुझा,
खारू

२ मे

चि. खारूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तार आली! लोहारही शेवटी राजी झाला. पण परवा काय झालं ते तू पाहिलंसच. तुझ्या शर्टाचं लोंबतं बटणसुद्धा दिसत होतं, इतकं चित्र स्वच्छ, आणि आई खाली मान घालून आत निघून गेली. गल्लीभर उंबरे झिजवले ते कशासाठी? आता ती हे पत्र मागतेय. खाली काय लिहिते कोण जाणे.

लोभ असू दे, धीरही असू दे.
तुझी,
ताई

बाळा, तार चांगली आहे. मिशी काढ. वरचा ओठ दिसत नाही. सांगायचं नव्हतं, तुला फार आवडलेली दिसली. आई.

२८ मे

चि. खारूस,
आईचे आशीर्वाद.

परवा तुझा ओठ दिसला. शब्द न शब्द कळला. साहेबांच्या तक्रारी, तुझा दुखरा गुडघा, सगळं. आवाज मी ताईला बंदच करायला लावला होता, ती उगाच मध्ये मध्ये सांगत बसते.

मग तू मान वळवून सूनबाईशी हळूच बोललास. आई किती थकली गं, असं म्हणालास आणि डोळे पुसलेस. अरे, गिरणीत समोर येऊन बोलायला सवड कुणाला होती? बाजूने दिसणारे ओठ वाचण्यातच माझा जन्म गेला.

थकले आहे, खोटं कशाला सांगू. मोबाइलच्या धूसर चित्रात तुला ते दिसत नव्हतं, एवढंच. आता दिसलंच आहे, तर सुट्टी काढ आणि ये.

आणि मिशी ठेवायचीच असेल तर इथे येऊन ठेव. जवळ बसलास की मला मिशीतूनही कळेल.

वाट बघते.
तुझी,
आई