ताटावर पहारा

३ मार्च, मंगळवार

आज आयुष्याला वळण लागलं. ऑफिसतर्फे प्रथमोपचाराचा कोर्स केला. साहेबांनी अख्ख्या डिपार्टमेंटमधून एकट्या माझीच निवड केली. बाकीच्यांना कामं होती.

शिकवायला एक नर्सबाई होत्या. म्हणाल्या, हिरो फक्त सिनेमात नसतो. रोजच्या आयुष्यात जो वेळेवर हात पुढे करतो तोच हिरो. हे म्हणताना त्यांनी नेमकं माझ्याकडे पाहिलं. नंतर मला खिडकी लावायला सांगितली, पण ते वेगळं.

घशात घास अडकला तर काय करायचं, हे मी सगळ्यांच्या आधी शिकलो. मागून मिठी, मूठ बेंबीच्या जरा वर, आणि जोरात आत-वर झटका. आधी पाठीवर थापा मारायच्या असंही काहीतरी होतं, पण ते कुणीही करेल. माझ्या पहिल्याच झटक्याला रबरी पुतळ्याची मान निखळली. बाई म्हणाल्या, इतक्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं.

हिरवा बिल्ला मिळाला. संकल्प: महिनाअखेरीपर्यंत किमान एक जीव वाचवणे.

४ मार्च, बुधवार

बिल्ला लावून निघालो. ही म्हणाली, शर्टाला भोक पडेल. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी बायकोची नजर शर्टाच्या पलीकडे जात नाही.

लंच टाइममध्ये पाहणी केली. रिसेप्शनिस्ट एकेक घास चावत बसते. अशा माणसांसाठी आपण काहीच करू शकत नाही. हेडक्लार्क मात्र फार आशादायक. वजनदार, जेवताना बोलतात, आणि उकडलेलं अंडं एका घासात. उद्यापासून त्यांच्या समोर बसायचं.

६ मार्च, शुक्रवार

दोन दिवस समोर बसतोय. अजून काही नाही. हेडक्लार्कनी विचारलं, काय बघता? म्हटलं, निर्धास्त जेवा. ते निर्धास्त जेवले असं वाटलं नाही.

९ मार्च, सोमवार

प्रसंग आला! हेडक्लार्कच्या तोंडात अंडं. चेहरा लाल, खांदे गदगदा हलताहेत, डोळ्यांत पाणी, आणि आवाज नाही. नर्सबाईंनी हेच सांगितलं होतं: ज्याचा घसा खरोखर बंद होतो तो ओरडत नाही. क्षणाचाही विलंब न लावता टेबलाला वळसा घातला, मागून मिठी मारली, दोन झटके दिले. अंडं थेट कॅशियरच्या डब्यात.

नंतर मला असं सांगण्यात आलं की ते हसत होते. ते बिनआवाजाचे हसतात, हे म्हणे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. मला कुणी कळवलं नव्हतं. शिपाई म्हणतो, विनोद माझ्या बिल्ल्यावर चालला होता. शिपायाचं काय मनावर घ्यायचं.

त्यांच्या शर्टाची दोन बटणं गेली. अजून आभार मानलेले नाहीत. धक्क्यातून सावरले की मानतील.

१० मार्च, मंगळवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. यापुढे मी लंचरूममध्ये यायचं नाही, आपल्या टेबलावरच डबा खायचा. स्वतंत्र व्यवस्था झाली. आमच्या ऑफिसात अशी फक्त साहेबांनाच होती.

संध्याकाळी जेवताना डोक्यात एकदम प्रकाश पडला. मी बाहेर शोधत बसलो आणि खरा धोका माझ्या टेबलावर, माझ्या समोर बसून भात कालवतोय! सासरे. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. रिटायर्ड बस कंडक्टर. जन्मभर दोन फेऱ्यांच्या मधे जेवले, त्यामुळे अजूनही बस सुटणार असल्यासारखे जेवतात. घास मोठा, चावणं नावापुरतं, आणि तोंड भरलेलं असताना प्रवाशांचे किस्से. त्यातून कवळी सैल.

असा माणूस घरात असताना मी हेडक्लार्कच्या मागे लागलो होतो.

११ मार्च, बुधवार

पहारा सुरू. पद्धत अशी: आपलं ताट बाजूला सारायचं, हात मोकळे ठेवायचे, आणि समोरचा प्रत्येक घास ताटातून उचलल्यापासून घशाखाली उतरेपर्यंत नजर हलवायची नाही.

बाबांनी विचारलं, तुम्ही नाही जेवत? म्हटलं, तुमचं होऊ द्या आधी. ते एका प्रवाशाच्या बकरीचा किस्सा सांगत होते, तो अर्ध्यावरच थांबवला. उत्तम. जेवताना बोलूच नये.

माझा भात गार झाला. हिरोला गारच जेवावं लागतं.

१३ मार्च, शुक्रवार

शिकवणीचा परिणाम दिसतोय. बाबा सावकाश जेवतात. काल मी प्रेमाने म्हटलं, बाबा, केवढा हा घास! तर लगेच अर्धा ताटात परत ठेवला. मग ते भाताकडे हात नेत होते. तोंडातलं अजून गिळलं नव्हतं, म्हणून म्हटलं, अजून घेताय? हात मागे घेतला. म्हातारा माणूस, पण सांगितलेलं ऐकतो.

शेंगदाण्यांचा डबा कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. द्राक्षं तर फारच घातक. फ्रिजमधली सगळी ऑफिसात नेली आणि मीच खाल्ली. जोखीम कुणीतरी पत्करायलाच हवी.

१५ मार्च, रविवार

बाबांचा आहार निम्म्यावर आला. थोडं खातात आणि पोट भरलं म्हणून उठतात. धोकाही निम्म्यावर आला, हे मी हिला समजावून सांगितलं. ही ताटं उचलून आत घेऊन गेली. कौतुक करण्याचा हिचा स्वभावच नाही.

संध्याकाळपासून बाबा ताट आपल्या खोलीत घेऊन जातात. मी दाराच्या फटीतून लक्ष ठेवलं. ते दाराकडे पाठ करून बसले. सोयीचंच झालं, मिठी मागूनच मारायची असते.

१७ मार्च, मंगळवार

बाबा शनिवारच्या बसने मेहुण्याकडे जाणार म्हणे. कायमचे. कारण कळत नाही. मेहुण्याची दोन खोल्यांची जागा, तीन पोरं, बाबांना पॅसेजमध्ये चपलांच्या स्टँडशेजारी झोपावं लागतं. मागच्या खेपेला तिथून परत आले तेव्हा महिनाभर पाठ धरली होती. बहुधा हवापालट हवा असेल.

बाबांना म्हटलं, तिकडे तुमच्याकडे कोण बघणार? ते म्हणाले, कुणी बघायला नको म्हणूनच चाललोय.

१८ मार्च, बुधवार

आज हिने सांगितलं. पातेलं घासत होती. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

म्हणाली, बाबा म्हणतात, जावई माझे घास मोजतात.

मी. घास. मोजतो.

ज्या माणसासाठी मी आठवडाभर गार भात गिळला!

ही पुढे म्हणाली, परवा बाबा स्वयंपाकघरात उभ्याउभ्या कोरडा ब्रेड खात होते. तुमच्या स्कूटरचा आवाज आला तसा उरलेला तुकडा खिशात टाकला. आयुष्यभर ताठ मानेने जगलेला माझा बाप. तुम्ही उद्यापरवा त्यांच्याशी नीट बोला, चुकलं म्हणा. नाहीतर शनिवारी मी त्यांना सोडायला जातेय, आणि परत कधी येईन ते मला विचारू नका.

ही असं कधी बोलत नाही.

पण उपाय सोपा आहे. एकच वाक्य बोलायचं: बाबा, मी तुमच्या जिवाला जपत होतो, माझं चुकलं. पुतळ्याची मान मोडणाऱ्या माणसाला एक वाक्य काय जड आहे. उद्या सकाळी चहाच्या वेळी.

१९ मार्च, गुरुवार, सकाळी

बाबा दाढी करत होते. हातात ब्लेड असलेल्या माणसाला भावनावश करू नये. संध्याकाळी बोलतो.

१९ मार्च, संध्याकाळी

बाबा रेडिओवर बातम्या ऐकत होते. मग हवामान. मग ते कपड्यांच्या घड्या घालायला लागले, आणि घड्या घालणाऱ्या माणसाशी बोलायला लागलो तर मदत करावी लागते.

वाक्यावर विचार केला. ‘माझं चुकलं’ एवढं काढून टाकलं तर जास्त भारदस्त वाटतं. काढून पाहिलं. मग त्यात फारसं काही उरत नाही.

२० मार्च, शुक्रवार, दुपारी, ऑफिस

नवा प्लॅन. वाक्य नको, प्रात्यक्षिक. घास अडकणं काय असतं हे दोघांनी डोळ्यांनी पाहिलं की माझी तळमळ आपोआप कळेल. आज घरी जाताना द्राक्षं घ्यायची, जेवताना एक तोंडात टाकायचं आणि गुदमरल्याचं नाटक करायचं. मग दोघं घाबरतील, मी हसून उठेन, सगळं मोकळं होईल, बाबा बॅग उघडतील. माफीबिफीची गरजच नाही.

बाथरूमच्या आरशासमोर रिहर्सल केली. शिपायाने विचारलं, दाढ दुखतेय का?

२० मार्च, रात्री, जेवणानंतर

द्राक्ष खरंच अडकलं.

मी हातवारे केले. ही म्हणाली, झालं यांचं सुरू. मी टेबलावर हात आपटले. ही म्हणाली, उद्या पहाटेची बस आहे, मला तमाशा नकोय, आणि भात वाढायला लागली. डोळ्यांपुढे काळे ठिपके आले. एकच विचार मनात आला: या घरात कोर्स केलेला माणूस एकच आहे आणि तो आत्ता कामात आहे.

बाबा बॅग घेऊन पॅसेजमधून चालले होते. त्यांनी एकदा पाहिलं. बॅग खाली ठेवली, मला मानेला धरून वाकवलं आणि पाठीत थाप मारली. बस सोडताना पत्र्यावर मारायचे तशी. द्राक्ष घड्याळावर जाऊन आदळलं. बाबा सवयीने म्हणाले, जाऊ द्या. आणि बॅग उचलून आपल्या खोलीत निघून गेले.

मिठी नाही, मूठ नाही, बेंबीचा पत्ता नाही. टेक्निक सपशेल चुकीचं.

ही रडत होती. मीही थोडा रडलो. घसा दुखतोय म्हणून.

२१ मार्च, शनिवार

बस चुकली. म्हणजे कुणी गेलंच नाही. पहाटे बाबा हिला म्हणाले, यांना जेवताना एकटं सोडून जाणं बरं दिसत नाही, पोरी. कपडे परत कपाटात गेले. शेंगदाण्यांचा डबा खाली आला. मी घरात निर्माण केलेली सुरक्षेची जाणीव अखेर फळाला आली.

आता वाक्य बोलायची गरज उरली नाही, असं मी हिला म्हटलं. ही म्हणाली, उरली आहे.

म्हणून नाश्त्याच्या वेळी सुरुवात केलीच. बाबा, म्हटलं, माझं. तर ते म्हणाले, आधी तोंडातलं गिळा, मग बोला. गिळलं. तोवर धीर गेला.

बिल्ला कुठे सापडत नाही.

२२ मार्च, रविवार, दुपारी

बिल्ला बाबांच्या शर्टावर आहे. हिने लावला. त्यांच्या शर्टाला भोक पडलं तर चालतं.

बाबा आधी जेवून घेतात आता. दोनदा भात, वर बकरीचा किस्सा शेवटपर्यंत. ही पोट धरून हसली. मग बाबांनी खुर्ची माझ्या समोर ओढली, हात मोकळे सोडले आणि माझ्या ताटाकडे बघत बसले.

पहिला घास उचलला. त्यांची नजर घासाबरोबर वर आली, तोंडात गेली, घशाखाली उतरली. दुसरा घास, तेच. तिसरा घास तोंडात फिरायला लागला, खाली जाईना. बाबा प्रेमाने म्हणाले, केवढा हा घास! अर्धा ताटात ठेवला. भाताकडे हात नेला, तर म्हणाले, अजून घेताय? हात मागे घेतला.

ते जपताहेत, हे मला ठाऊक आहे. माझ्यापेक्षा ते कुणाला ठाऊक असणार? तरीही शरमेने कान तापले. बाबा दहा दिवस हे खात होते.

वाक्य आत्ता अगदी जिभेवर होतं. पण तोंडात घास होता.

पोट भरलं म्हणून उठलो. आता खोलीत आहे. सपाटून भूक लागली आहे. खिशात ब्रेडचा तुकडा आहे, पण दाराच्या फटीत बाबा उभे आहेत, म्हणून पाठ करून लिहीत बसलो आहे.