काहीच सांगितलं नाही तर

प्रिय नूकरत्नम,

इकडे चेन्नईत मी बरा आहे. तिकडे पलासाला काजूचा हंगाम असेल, सालांच्या तेलानं तुझे हात काळे झाले असतील. माझं काम तेच. सर्व्हर उचलायचे, कपाटात बसवायचे, केबली जोडायच्या. आठवीत नापास झालेल्याला आणखी काय देणार? पण ही नोकरी मी अजून सोडली नाही, एवढं आईला सांग. तिला नवल वाटेल.

गेल्या आठवड्यात एका नव्या सर्व्हरचा पंखा बिघडला. त्यात एका इस्पितळाचं व्हर्च्युअल मशीन चालत होतं, म्हणजे सर्व्हरच्या पोटातला नुसता प्रोग्रामचा कॉम्प्युटर. ते चालू ठेवूनच शेजारच्या जुन्या सर्व्हरवर न्यायचं होतं. जाईना. ते मशीन बनवताना त्याला प्रोसेसर कुठला द्यायचा ते कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून त्यानं नव्या सर्व्हरचाच धरला होता. जुन्याला तो झेपत नव्हता. शेवटी मशीन बंद करावं लागलं आणि इस्पितळात केसपेपरची रांग रस्त्यावर आली.

मग आमच्या कलैसेल्वी मॅडमनी सगळ्यांना एकच नियम लावला. कुणी काही सांगितलं नाही, तर जुन्यानव्या सगळ्या सर्व्हरांना झेपेल तोच प्रोसेसर मिळणार. मी म्हटलं, "मॅडम, हे आमच्या मेससारखं झालं. एकाचं पोट दुखतं म्हणून सगळ्यांना बिनतिखट सांबार." त्या म्हणाल्या, "ज्याला तिखट हवं त्यानं मागावं की रे! तोंड दिलंय ना देवानं?" नवा सर्व्हर असून जुन्यासारखं का चालतं, म्हणून एक गिऱ्हाईक फोनवर ओरडलं. त्यालाही हेच ऐकवलं.

तेव्हापासून डोक्यात एक चाललंय. तू मामाची मुलगी. तू पाळण्यात होतीस तेव्हा आई म्हणाली, "ही माझी सून." कुणी काही बोललं नाही, म्हणून ते ठरलं. तू मला बावा म्हणतेस, होणाऱ्या नवऱ्याला म्हणतात तसं, काजूच्या कारखान्यातल्या बाया चिडवतात, तू मान खाली घालतेस. लाजून घालतेस की नकोसं होतं म्हणून, मला कळत नाही. फोनवर विचारावं तर शेजारी मामी असते.

मामा वैशाखातला मुहूर्त बघतायत, म्हणून हे पत्र. मी तुला हवा आहे का? माझं म्हणशील तर माझं हो आहे. तुझं हो असेल तर हो लिही, नाही असेल तर नाही लिही. काहीच लिहिलं नाहीस, तर मी त्याला हो समजणार नाही. रामनवमीपर्यंत वाट बघीन. मग मामांना मीच सांगेन, मला हे लग्न करायचं नाही. शिव्या मला पडू देत. मी लांब आहे.

उत्तर येईपर्यंत तरी तुझाच,
सिंहाचलम